कोल्ड्रिंकची सवय सुटता सुटत नाही – अनुभव आणि उपाय सांगा

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बहुतेक रात्रपाळीच असते. रात्री दोनच्या सुमारास सॅम्पलची गर्दी ओसरली की खालच्या कँटीनमधून कोलाची अर्ध्या लिटरची बाटली वर येते. लॅबमध्ये खायला-प्यायला सक्त मनाई, म्हणून सेंट्रिफ्यूज (रक्ताचे नमुने गरगर फिरवणारं यंत्र) लावायचं आणि ते फिरून थांबेपर्यंत बाहेर पॅसेजच्या खिडकीशी उभं राहून प्यायचं, असं ठरूनच गेलंय. हे फक्त ड्यूटीपुरतं होतं तोवर काही वाटत नव्हतं. आता सुट्टीच्या दिवशीही फ्रीजमध्ये मोठी बाटली लागते. जेवताना पाणी नकोसं होतं.

परवाच्या वार्षिक तपासणीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ५.९ आलं. वय ३६, आईला डायबिटीस. ५.७ च्या पुढे प्रीडायबिटीस म्हणतात, हे मला कुणी सांगायला नको.

एकदम बंद केलं की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, काम सुचत नाही. तर प्रश्न असे: एकदम सोडावं की हळूहळू? साखर नसलेलं डाएट किंवा झिरो चालेल का? आणि रात्री दोन वाजता त्याच्या जागी काय प्यायचं? ज्यांनी खरोखर सोडलंय त्यांनी लिहा, प्लीज.

नागपुरी_तर्री

एकदम बंद करा. हळूहळूवाले वर्षानुवर्षं हळूहळूच सोडत असतात.

कोकमवाली

रात्रपाळी, स्वागत. कोकम आगळ आणा, पाण्यात घालून प्या, वरून जिऱ्याची पूड. आमच्याकडे रत्नागिरीला उन्हाळ्यात दुसरं काही लागत नाही. मात्र आगळच आणा. बाजारात ‘कोकम सरबत’ म्हणून जी बाटली मिळते ती बहुतेक वेळा साखरेच्या पाकातलं अमृत कोकम असतं. मग कोला काय नि ते काय.

डॉ_गावाकडचे

ताई, डोकेदुखीचं आधी सांगतो, कारण बरेच जण तिथेच माघार घेतात. ती साखरेची नाही, कॅफीनची आहे. रोज घेणाऱ्याने कॅफीन अचानक तोडलं की साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट जातात आणि हळूहळू आठवड्याभरात उतरतं. आजार नव्हे, धोकाही नाही, पण त्रास खराच असतो.

आता हिशोब. कोलात १०० मिलीला साधारण १० ग्रॅम साखर आणि १० मिलिग्रॅम कॅफीन असतं. म्हणजे तुमच्या अर्ध्या लिटरमध्ये ५० ग्रॅमच्या वर साखर गेली, चहाच्या चमच्याने दहाहून जास्त चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेल्या साखरेतून येणाऱ्या कॅलरी एकूण आहाराच्या १० टक्क्यांखाली ठेवा, जमल्यास ५ टक्क्यांखाली. हे ५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम. दोन दिवसांची साखर तुम्ही खिडकीत उभ्याउभ्या संपवता.

कॅफीन मात्र ५०च मिलिग्रॅम. दीड कप चहात तेवढं मिळून जातं. तेव्हा साखर आजपासून बंद करा आणि कॅफीन बिनसाखरेच्या चहातून चालू ठेवा. डोकं दुखणार नाही. चहा पुढे हवा तर कमी करता येईल.

आणखी एक. रात्री दोनला घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरात सकाळी सातलाही असतं. घरी जाऊन नऊला झोपायचं आणि झोप लागत नाही म्हणून संध्याकाळी पुन्हा कोला, असं होत असेल तर पाहा. चहा ड्यूटीच्या पहिल्या भागात, अकरा-बाराला घ्या. दोनला काहीतरी बिनकॅफीनचं.

नागपुरी_तर्री

डॉक्टर, साखर एकदम बंद करा असंच म्हणालात ना? म्हणजे आपलं एकमत. 🙂

दंतकथा

मी दातांची डॉक्टर. साखरेचं सगळेच बोलतात, ॲसिडचं कुणी बोलत नाही. कोलाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त ॲसिड) अडीचच्या आसपास असतो, फॉस्फरिक ॲसिडमुळे. तोंडातला पीएच साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातली खनिजं सुटायला लागतात. लाळ ते भरून काढते, पण तिला वेळ लागतो. ‘मी एकदम पीत नाही, तासभर घोट घोट घेते’ असं पेशंट अभिमानाने सांगतात, तेच सगळ्यात वाईट. प्रत्येक घोटाला लाळेचं काम पुन्हा पहिल्यापासून.

आयटीतली आणि कॉल सेंटरमधली पंचविशीची मुलं येतात. पुढच्या दातांवर, अगदी हिरडीलगत, पांढरट निस्तेज पट्टे. वाळवून बघितलं की स्पष्ट दिसतात. तेवढ्यावर थांबवलं तर दात वाचतो. पुढे तिथेच पिवळा खड्डा पडतो आणि थंड पाणी झोंबायला लागतं.

प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका, मऊ झालेलं कवच घासलं जातं. साध्या पाण्याने चूळ भरा, ब्रश अर्ध्या-एक तासाने.

कोकमवाली, रागावू नका, पण कोकम आणि लिंबूही आंबटच. साखर नाही हे उत्तमच, तरी दिवसभर चुस्क्या मारत बसू नये.

कोकमवाली

रागावत नाही हो. आमच्याकडे सोलकढी जेवणाबरोबर पितात, दिवसभर नाही.

सोडावॉटर

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सोलापूरचा. मार्केटिंगची नोकरी, दिवसभर बाइकवर. प्रत्येक गावात, प्रत्येक दुकानदाराकडे ‘थंडा घ्या साहेब’. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. घरी आल्यावर पुन्हा थम्सअप. ताक, पन्हं, नारळपाणी, सगळं करून पाहिलं. एकही टिकलं नाही, आणि का टिकत नाही ते बरेच दिवस कळेना.

मग एकदा सपाट झालेली, गॅस गेलेली बाटली प्यायलो आणि दोन घोटांत ठेवून दिली. साखर तेवढीच, चव तीच, थंडही होती, तरी नको वाटली. तेव्हा कळलं, मला घशाला लागणारा तो झटका हवा होता. आता साधा सोडा, अर्धं लिंबू, चिमूटभर सैंधव. दुकानदाराकडेही ‘साधा सोडा द्या’ म्हणतो, त्याचाही मान राहतो. घरी सोडा मशीन घेतलंय.

तेव्हा ताई, तुम्हाला त्या बाटलीतलं नेमकं काय हवंय ते आधी शोधा. गोडवा, गॅस, थंडपणा की कॅफीन? गॅस काढून पिऊन बघा, कोमट करून पिऊन बघा. थंडपणामुळे जिभेला गोडी कमी लागते. कोमट कोला पहिल्याच घोटाला मळमळेल इतका गोड लागतो, तेवढी साखर त्यात खरंच असते.

मीनल_ताई

सोडावॉटर +१. आणि मिठाचं प्रमाण सांभाळा. माझ्या सासऱ्यांनी थम्सअप सोडून ‘मसाला सोडा’ धरला आणि बीपी वर गेलं. दिवसाला तीन-चार ग्लास, प्रत्येकात सढळ हाताने काळं मीठ.

पुणेरी_इतिहास

सोड्याचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. गोटी सोड्याची ती बाटली इंग्लंडमधल्या हायरम कॉडची, पेटंट १८७२ सालचं. आतल्या गॅसच्या दाबानेच गोटी वर जाऊन तोंड बंद करते, बुचाची गरज नाही. आपल्याकडे सोड्याचा धंदा पारशी मंडळींनी उभा केला. मुंबईत पालनजी १८६५, पुण्यात अर्देशर १८८४, मग ड्यूक्स १८८९. इराणी हॉटेलात रास्पबेरी सोडा अजून मिळतो.

आणि थम्सअप आली १९७७ मध्ये, कोकाकोला भारत सोडून गेली त्याच वर्षी. पार्लेच्या चौहान बंधूंनी काढली. १९९३ मध्ये कोकाकोला परत आली तेव्हा थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट सगळे ब्रँड त्यांनी विकत घेतले.

चिंचबोरं

गोल्ड स्पॉट! बिल्ल्याच्या आतला पातळ रबर सोलून चित्र काढायचो आम्ही. आई गं.

जुना_दादरकर

चिंचबोरं, त्या आठवणीतच एक मुद्दा दडलाय. तेव्हा काचेची २००-२५० मिलीची बाटली असायची. बाटली दुकानदाराला परत द्यायची, म्हणून तिथेच उभं राहून प्यायची आणि निघायचं. घरी क्रेट यायचा तो लग्नामुंजीला किंवा बारशाला. पाहुणे आले तर मुलाला पळवत दुकानात पाठवायचे आणि मोजून तेवढ्याच बाटल्या यायच्या.

प्लास्टिकची दोन लिटरची बाटली आली आणि कोल्ड्रिंक घरात मुक्कामाला राहिलं. उघडली की गॅस जायच्या आत संपवायची घाई, म्हणून आणखी प्यायलं जातं. माझं स्पष्ट मत आहे: घरात मोठी बाटली आणायची नाही. प्यायचंच असेल तर बाहेर जाऊन, लहानात लहान बाटली, उभ्याने. माझ्या घरात एवढा एक नियम केला आणि दोन्ही मुलांचं पिणं निम्म्याहून कमी झालं.

रात्रपाळी

केवढे छान प्रतिसाद! डॉक्टर, झोपेचं अगदी बरोबर ओळखलंत, सकाळी कूस बदलत पडलेली असते. सोडावॉटर, काल रात्री गॅस काढून पिऊन पाहिलं. मला गॅस नसला तरी चालला. कोमट मात्र नाही गेला. म्हणजे मला थंड हवंय का?

अनुप्रिया_के

झिरोने माझं सुटलं, म्हणून लिहिते. आधी साध्याच्या जागी झिरो, मग झिरो फक्त शनिवार-रविवार, आता आठवणही येत नाही. सगळे झिरोला नावं ठेवतात, मला तरी उपयोग झाला.

हरिओम_७२

त्यातल्या ॲस्पारटेमने कॅन्सर होतो. पेपरात आलं होतं.

डॉ_गावाकडचे

हरिओमजी, बातमी आली होती हे खरं. जुलै २०२३ मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ॲस्पारटेमला ‘२ब’ गटात टाकलं. त्याचा अर्थ कर्करोगाची शक्यता वाटते, पण पुरावा मर्यादित आहे. त्याच दिवशी अन्नातल्या मिश्रणांवरच्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तीच कायम ठेवली: वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनेच उदाहरण दिलं होतं की ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन प्यावे लागतील. म्हणून कॅन्सरच्या भीतीने झिरो टाळा असं मी म्हणणार नाही. फिनाइलकीटोनुरिया हा जन्मजात आजार असणाऱ्यांनी मात्र ते अजिबात घेऊ नये, बाटलीवर तशी सूचना असते.

पण त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने हेही सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेच्या जागी अशी गोडी वापरू नका, लांबच्या काळात फायदा दिसत नाही. अनुप्रियांनी केलं तसं चार-सहा आठवड्यांची पायरी म्हणून वापरायला माझी हरकत नाही. कायमची सोय म्हणून नको, गोडाची ओढ तशीच राहते.

दंतकथा

आणि झिरोमध्ये साखर नाही, ॲसिड आहेच!

वऱ्हाडी_वहिनी

कोला सोडा नि आंब्याचं टेट्रापॅक प्या. निदान फळ तरी पोटात जाते. नाहीतर उसाचा रस.

मीनल_ताई

वहिनी, नका हो. त्या आंब्याच्या पेयांच्या मागचा बारीक मजकूर वाचा. पाणी आणि साखर मिळून बहुतेक पेय तेच, आंब्याचा गर थोडाच. साखर कोलाच्या बरोबरीला, कधी वर. उसाचा रस ताजा असतो, आलं-लिंबूही असतं, पण मोठा ग्लास झाला की साखर तेवढीच. ज्यांचं एचबीएवनसी चढतंय त्यांनी तो महिन्या-दोन महिन्यांतून कधी, हौसेपुरता.

वऱ्हाडी_वहिनी

बाप्पा! मी तर पोरांना रोज देत होती. कैरीचं पन्हं गुळाचं केलं तर?

मीनल_ताई

गूळही साखरच आहे. कैरीचा गर जास्त, गूळ नावाला, वेलचीऐवजी जिरं-मीठ. मुलं खातात-पितात हो, आठवडाभर चिकाटी धरा.

शिफ्टवाला_चाकण

मीही रात्रपाळीवालाच, कंपनीत. आमच्यात बरेच जण कोला सोडून ओआरएस लिहिलेले टेट्रापॅक प्यायला लागलेत. ते बरं ना?

डॉ_गावाकडचे

नाही. जुलाबासाठीचं खरं ओआरएस म्हणजे एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि ठरलेल्या मापाचे क्षार. ते नाव लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांत साखर त्याच्या कित्येक पट असायची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध अनेक वर्षं लढल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) त्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. खरं ओआरएससुद्धा रोज प्यायचं पेय नाही. उलटी-जुलाब झाले तर घ्या. घाम गाळणारं काम असेल तर पाणी आणि ताक पुरे.

शिफ्टवाला_चाकण

धन्यवाद डॉक्टर. ग्रुपवर टाकतो आत्ताच.

आईची_काळजी

थोडा विषय सोडून, पण जवळचाच. भाचा नववीत आहे. क्लास सुटला की मुलं वीस रुपयांचं एनर्जी ड्रिंक पितात. बहिणीला वाटतं ते कोल्ड्रिंकच आहे.

डॉ_गावाकडचे

कोल्ड्रिंक नव्हे. त्यात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन असू शकतं, कोलाच्या तिप्पट. मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी नाही असं त्याच्या डब्यावरच छापलेलं असतं. बहिणीला तो डबा वाचायला द्या. भाच्यालाही द्या, नववीतल्या मुलाला वाचून कळतं.

शाळामास्तर

नियम आहेत. २०२० च्या नियमांप्रमाणे साखर, मीठ, चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. आमची शाळा राज्य मंडळाची, तरी आम्ही तो फलक केला. सातवीच्या मुलांनी स्वतः वजनकाट्यावर साखर मोजून पारदर्शक पिशव्यांत भरली आणि प्रत्येक रिकाम्या बाटलीखाली लावली. मधल्या सुट्टीत मुलं त्या पिशव्या बोटांनी चाचपून बघतात. भाषणाने जे होत नाही ते यातून होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पन्नास मीटरचा नियम मात्र क्लासच्या गल्लीत कोण पाळणार? सगळी मुलं संध्याकाळी तिथेच असतात.

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये २०१८ पासून पेयातल्या साखरेवर कर आहे. १०० मिलीला ५ ग्रॅमच्या खाली असेल तर कर नाही, ५ च्या वर एक दर, ८ च्या वर आणखी जास्त. परिणाम असा की कर लागू व्हायच्या आधीच बहुतेक कंपन्यांनी साखर उतरवली. लोकांनी निर्धार करायची वाट बघावी लागली नाही.

जुना_दादरकर

आपल्याकडेही कर जबर आहे. जीएसटी आणि सेस मिळून ४० टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के जीएसटी. पण साखर १२ ग्रॅम असो, ४ असो की शून्य, कर तोच. मग कंपनीने साखर कशाला कमी करावी? साखरेच्या मापाने कर लावला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. एकट्यादुकट्याच्या मनोबलावर हा प्रश्न सोडणं अन्यायाचं आहे.

नागपुरी_तर्री

सहमत. पण कायदा बदलेपर्यंत ताईंनी आज रात्री काय प्यायचं?

सोडावॉटर

ताई, तुमचा मूळ धागा पुन्हा वाचला. सेंट्रिफ्यूज लावायचं, बाहेर पॅसेजमध्ये यायचं, खिडकीशी उभं राहायचं. रात्रभरात तुमच्या स्वतःच्या वाट्याची तेवढीच मिनिटं आहेत. बाटली नसेल तर तुम्ही बाहेर येता का?

रात्रपाळी

नाही. तुम्ही विचारलंत आणि लक्षात आलं. कोला बंद केला होता त्या दिवसांत मी आतच बसून राहायचे, रिपोर्ट टाइप करत. बाहेर यायला कारणच नसायचं. सलग आठ-नऊ तास ट्यूबलाइटखाली.

मीनल_ताई

मग खिडकी सोडूच नका! थर्मास घ्या, त्यात बर्फ आणि काहीही बिनसाखरेचं. वेळ तीच, जागा तीच. तुम्हाला थंड हवंय म्हणालात ना, थर्मासमध्ये पहाटेपर्यंत बर्फ टिकतो. कँटीनच्या मुलालाही आजच सांगून ठेवा की दोन वाजता वर बाटली आणू नकोस. बाटली समोर आल्यावर नाही म्हणणं फार कठीण.

डॉ_गावाकडचे

मीनलताईंशी सहमत. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा, त्याआधी नको, आकडा हलायला तेवढा वेळ लागतोच. आईला डायबिटीस आहे, तेव्हा फक्त कोला सोडून थांबू नका. रात्रपाळीतलं जेवण आणि चालणं यावरही बोलायचंय, वेगळा धागा काढा.

रात्रपाळी

नक्की काढते. आजपासून अकराला बिनसाखरेचा चहा, दोनला थर्मास. घरी मोठी बाटली बंद, नवऱ्यालाही सांगितलंय, तो हो म्हणालाय. कोकमवाली, आगळाचं प्रमाण सांगाल का? लिटरभर थर्मास आहे.

कोकमवाली

लिटरभर थंड पाण्याला चार-पाच मोठे चमचे आगळ, आधी चार घालून चव बघा, प्रत्येकाचं आगळ वेगळं असतं. मीठ अजिबात घालू नका, आगळात आधीच भरपूर असतं. जिरं भाजून, भरड कुटून घाला, पूड गाळात बसते. जमलं तर ठेचलेली हिरवी मिरची पाच मिनिटं बुडवून काढून टाका, झोप उडते. थर्मास आतून स्टीलचा आहे ना? काचेचा असला तर बर्फाचे मोठे खडे टाकू नका, तडकतो. आणि दंतकथाताई वाचत असतील, म्हणून: नंतर चूळ भरा.